निळी रेघ

“तेवढं एक राहिलं बघ, नसारिओ,” डेल्फीना तबकडीवरून मान न उचलता म्हणाली. नऊ वर्षं ती हेच म्हणतेय.

न्यू मेक्सिकोच्या डोंगरावरच्या वेधशाळेत आम्ही दोघं दिवसपाळीला. ॲल्युमिनियमच्या गोल तबकडीला हजार भोकं असतात, एकेक भोक म्हणजे एकेक दीर्घिका. समोरासमोर बसून आम्ही प्रत्येकात काचेचा धागा खोचायचा, रात्री त्यातून उजेड उतरतो. दीर्घिका जितकी लांब, तितका उजेड जुना. त्यावरून विश्व कोणत्या काळी किती वेगानं पसरत होतं, ते शास्त्रज्ञ काढतात. आधी वेग मंदावत होता म्हणे, मग वाढायला लागला. का, ते त्यांनाही ठाऊक नाही.

डेल्फीनाचा लेक रूबेन अलास्काला गेला, त्या दिवशी एक भोक रिकामं राहिलं. आपल्याच हातून राहिलं, हे तिनं मनाला लावून घेतलं. लाखोंमधल्या एकानं काही बिघडत नाही, असं साहेबांनी कितीदा तरी समजावलं. “उत्तर येईल हो,” ती म्हणायची, “पण ती बिचारी दीर्घिका मोजायची राहिलीच ना.”

आता हे काम रोबो करणार. आजची तबकडी शेवटची. उद्या डेल्फीना लेकाकडे जाणार, कायमची. निरोपाला आम्हाला एकेक जुनी तबकडी देतात. तिनं तीच मागितली, आणि गोदाम उपसून मीच ती काढली.

कोणी कुठवर खोचायचं, ती निळी रेघ तबकडीवर अजून होती. स्पिरिटचा एक बोळा फिरवला असता तर गेली असती. मी फिरवला नाही.

खिडकीपाशी भोकांच्या नकाशाशी ताडून तिनं ते भोक शोधलं. मग तिचं बोट रेघेवर थांबलं.

“हे तर तुझ्या बाजूचं आहे.”

“हो.”

“नऊ वर्षं मला जाळत ठेवलंस?”

“तू रडत होतीस. मी तुझ्याकडेच बघत बसलो. भोक सांगायचं, तर तेही सांगावं लागलं असतं.”

मला ती तेव्हाही आवडायची, आजही आवडते. साठीच्या माणसानं हे बोलायला निरोपाचा दिवस गाठावा, याला काय म्हणावं?

तिनं नकाशा मिटला. मग तिनं तबकडी उचलली. तशी ती हलकी, एकट्या माणसाला सहज नेता येते. तिनं दुसरी कड माझ्या हातात दिली.

तिची गाडी वीस पावलांवर होती. आम्ही सावकाश गेलो.