येथे गाऊन मिळतील

घोडेगावच्या पेठेत शांतीलालशेठच्या कापडदुकानावर एक पाटी आहे : ‘येथे गाऊन मिळतील’. डिंभ्याचा हौशीराम बाजाराला आला की पाटीखाली उभा राहून दर खेपेला एकच प्रश्न विचारतो, ‘‘शेठ, आमाला गाता येत न्हाई. आमाला काय मिळंल?’’ आणि स्वतःच पोट धरून हसतो. विनोद पाटीइतकाच जुना आहे, तरी शेठ दर वेळी हसतात. गिऱ्हाईक आहे, शिवाय माणूस मनाने चांगला आहे.

या भागात गाऊन पहिल्यांदा आपणच आणला असं शेठ छाती काढून सांगतात. सुरुवातीला बायका तो कागदात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी कोथिंबिरीखाली दडवून न्यायच्या. आता त्याच बायका गाऊनवर टॉवेल टाकून भर पेठेतून गिरणीत दळण घेऊन जातात. दुकानाची एक अख्खी भिंत गाऊनांनी भरलेली असते. पण दुकानातून वर घरात जाणारा जो लाकडी जिना आहे, तो चढून एकही गाऊन कधी वर गेला नव्हता. शेठच्या बायकोचा, उगमबाईंचा, तसा हुकूम होता.

‘‘साऱ्या तालुक्याला झबली घातलीत तेवढी पुरे,’’ त्या नवऱ्याला म्हणायच्या. ‘‘माझ्या घरात ते ध्यान नको.’’ नवराबायको गोड बोलायचे मारवाडीत आणि भांडायचे मराठीत, त्यामुळे हे सगळ्या आळीला पाठ होतं. सून उज्ज्वलाने लग्नानंतर एकदाच भीतभीत विचारून पाहिलं होतं. उत्तर ऐकल्यावर तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

आणि नेमक्या उगमबाईच गच्चीवर पापड वाळत घालताना घसरल्या. उजवा खांदा मोडला. ऑपरेशन झालं, पट्टी बसली, हात छातीशी बांधला गेला. ब्लाउजच्या बाहीत हात जाईना, आणि साडी नेसवायला घेतली की कळ मस्तकात जाई. डॉक्टर म्हणाले, पुढून बटणं असलेला गाऊन घालायचा, दुसरं काही नाही. शेठनी भिंतीवरचा सगळ्यात साधा, बारीक गुलाबी फुलांचा गाऊन काढला आणि पेठेतल्या बायका न्यायच्या तसाच कागदात गुंडाळून जिना चढले.

तो गाऊन अंगावर आला आणि उगमबाईंनी मागची खोली धरली. भेटायला आलेल्या बायकांना ‘झोपल्या आहेत’ असं सांगायचं ठरलं. एरवी भल्या सकाळी त्यांचं स्तवन सुरू व्हायचं आणि त्या आवाजावर शेठ खाली दुकानाचं शटर उघडायचे. आता तेही बंद झालं. शेठना हे फार लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला तिचा आवाज आवडतो असं एकदाही सांगितलं नव्हतं, आणि आता सांगावं तर ऐकायला ती दार उघडत नव्हती.

त्यातच घरात लग्न. नात रिद्धीचं. उद्या सकाळी लग्नकार्याची सुरुवात करणारी विनायकाची गाणी म्हणायला बसायचं होतं, सगळ्या समाजाच्या बायका यायच्या होत्या, आणि यांच्या घरात गाण्याची पहिली ओळ घरातल्या मोठ्या बाईने उचलायची असते. पारसच्या, म्हणजे मुलाच्या लग्नात ती उगमबाईंनीच उचलली होती. रिद्धीच्या लग्नात आपण गाणार, हे त्या ती रांगत होती तेव्हापासून सांगत आल्या होत्या.

‘‘उज्ज्वलाला म्हणू दे,’’ दुपारी त्यांनी शेठना सांगून टाकलं. ‘‘असल्या झग्यात मी बायकांपुढे बसायची नाही.’’

‘‘अगं, आजारपण आहे. कोण हसतंय?’’

‘‘मी हसले असते,’’ उगमबाई म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं.

शेठ खाली येऊन गादीवर बसले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. रिद्धी शेजारी बसून अहेराच्या साड्यांना चिठ्ठ्या लावत होती. समोरच्या भिंतीवर ते सगळे गाऊन पंख्याच्या वाऱ्यावर हलत होते, आणि शेठना त्यांचा राग आला.

‘‘काय गं, हा शब्द तरी कुठून आला? जन्मभर विकतोय, अर्थ म्हणून ठाऊक नाही.’’

रिद्धी अवसरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली. काही अडलं की हात आधी मोबाईलकडे. ती वाचत वाचत हसली, मग हसायची थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘‘दादा, वर चला,’’ ती म्हणाली. ‘‘हे दादीला ऐकवायचंय.’’

वर उज्ज्वला सासूची वेणी घालत होती.

‘‘दादी, गाऊनचा अर्थ सापडला!’’

‘‘निर्लज्ज असाच असेल.’’

‘‘लॅटिन म्हणून जुनी भाषा आहे, तिच्यातला गुन्ना. गुन्ना म्हणजे केसाळ कातड्याचा अंगरखा.’’

‘‘अरिहंत, अरिहंत! कातड्याचा!’’ उगमबाईंनी डाव्या हाताने गाऊन अंगापासून लांब धरला.

‘‘अगं, हा सुती आहे,’’ शेठ घाईने म्हणाले. ‘‘धुतल्यावर आटतसुद्धा नाही.’’ सवयीने गिऱ्हाइकाला सांगायचं ते बायकोला सांगून गेले.

‘‘पुढे तर ऐका,’’ रिद्धी म्हणाली. ‘‘हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिकडे मठांत साधू राहायचे. कपड्यालत्त्याचे नियम कडक. पण जे म्हातारे आहेत, जे आजारी आहेत, तेवढ्यांना हा ऊबदार अंगरखा चालायचा. त्यावरूनच शब्द आलाय म्हणे.’’

शेठ एकदम म्हणाले, ‘‘म्हणजे आगार.’’

या घरात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नियम घेतानाच त्यात ठेवलेली सूट म्हणजे आगार. उगमबाई सूर्य मावळला की पाण्याचा थेंब घेत नसत. पण दवाखान्यात रात्रीची गोळी आली तेव्हा शांतपणे पाण्याबरोबर घेतली होती. ‘‘औषधाचं आगार आहे, नियम मोडत नाही,’’ असं उलट त्यांनीच नर्सला सांगितलं होतं.

‘‘म्हातारे आणि आजारी?’’ उगमबाईंनी विचारलं.

‘‘हो, दादी.’’

‘‘मग मी दोन्हीत बसते.’’ त्या हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. ‘‘उज्ज्वला, ही झाली तेव्हा तुझं सिझर झालं होतं. टाके ओले होते. साडीची गाठ टोचते म्हणून तू रडायचीस. खाली भिंतभर गाऊन लटकत होते, आणि मी तुला एक दिला नाही.’’

उज्ज्वलाच्या हातातला कंगवा थांबला. ‘‘जाऊ द्या, आई. जुनं झालं.’’

‘‘तुझं जुनं झालं असेल. मला या खांद्यामुळे आत्ता कळलं. मला आगार, आणि तुला नाही? कुठला नियम होता हा?’’

उज्ज्वलाने सासूच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि रडून घेतलं. शेठ दाराच्या चौकटीला धरून उभे होते. लाज त्यांनाही वाटली. सून रडत होती तेव्हा ते खाली त्याच भिंतीसमोर बसून दुसऱ्यांच्या सुनांना गाऊन दाखवत होते, आणि त्यांनाही ते सुचलं नव्हतं.

‘‘पप्पाजी,’’ उज्ज्वला डोळे पुसत म्हणाली, ‘‘वरच्या दांडीवर डावीकडे निळा आहे, पांढऱ्या ठिपक्यांचा. तो विकू नका. लग्न पार पडलं की मी घालीन.’’

शेठनी नुसती मान हलवली. रोज चहा घेऊन खाली येते तेव्हा ही भिंतीकडे पाहते, हे त्यांना आज कळलं.

‘‘आणि उद्या?’’ त्यांनी बायकोला विचारलं.

‘‘डोक्यावरची ओढणी सावरायला मला हात कुठे आहे?’’

‘‘मी धरते ना,’’ उज्ज्वला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर बायकांची गर्दी झाली. शेठ खालीच थांबले. त्यांनी निळा गाऊन आधीच कपाटात ठेवला होता, आणि आता उगाच तागे काढून पुन्हा घडी घालत होते. वर बांगड्या वाजल्या, कोणीतरी हसलं, मग एकदम सगळं शांत झालं.

आणि आवाज आला. थोडा घोगरा, दुखण्यातून उठलेला, सुरुवातीला चाचपडणारा. दुसऱ्या ओळीला तो सुरात बसला आणि बाकीच्या बायकांनी मागून धरला. शेठनी हातातला तागा खाली ठेवला. डोळे भरले ते त्यांनी भरू दिले.

एवढ्यात पाटीखाली हौशीराम येऊन उभा राहिला. त्याने विनोदासाठी तोंड उघडलं, शेठकडे पाहिलं आणि तसंच मिटलं. चपला काढून तो पायरीवर टेकला आणि ऐकत राहिला. कडवं संपल्यावर हळूच म्हणाला, ‘‘लई ग्वाड गळा हाये, शेठ. कोण गातंय?’’

‘‘आमची मंडळी,’’ शांतीलालशेठ म्हणाले.