केसांखालचा पदर

आमच्या गावाचं नाव सांगून उपयोग नाही. नकाशात त्या जागी आता बरगी धरणाचं निळं पाणी आहे. मी बारा वर्षांचा असताना आम्ही तिथून निघालो. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी, शहरातल्या नेपियर टाउन भागातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढणारा मी, गुणवंत, ते गाव कॉम्प्युटरवर पुन्हा वसवायला बसलो. रिकामटेकडेपणा म्हणा. मीही तसंच म्हणत होतो, आईच्या डोळ्यांचं कळेपर्यंत.

काचबिंदू. आम्हीच उशिरा दाखवलं. तिला आता मधलं तेवढं दिसतं, कडेचं सगळं गेलं. मधलंही जाणार आहे. डॉक्टर म्हणाले, वर्षभर टिकलं तरी खूप. घरी येऊन मी तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "तू ते गाव बनवून राहिला ना रे? मले घरापर्यंत नेशील त्यात?"

मग मात्र ते गाव माझ्या मानगुटीवर बसलं.

हौशी लोकांसाठी खेळ बनवायचं सॉफ्टवेअर असतं. तयार झाडं, घरं, रस्ते मिळतात, आपण फक्त मांडायचे. मिळतात ते किल्ले आणि लाल छपरांचे बंगले. त्यांतून मातीचं गाव उभं करायला मला आठ महिने लागले. दुपारी एक ते पाच दवाखाना बंद असतो, तेवढाच माझा वेळ. आई शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि हुकूम सोडायची. विहीर अलीकडे घे, आपला दरवाजा निळा होता, पाराले पायऱ्या तीन. वेशीतून आत शिरलं की पिंपळाखाली दगडी पार होता, आणि माझे आजोबा, विठोबा, गावातल्या आणखी चार म्हाताऱ्यांबरोबर दिवसभर तिथं बसलेले असत. तयार चित्रांत फेटेवाले म्हातारे मिळाले, ते मी ओळीनं बसवले. आईनं स्क्रीनला नाक लावून एकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामाजी." सासऱ्यांना ती तेच म्हणायची. मला इतका आनंद झाला की बायकोला, हेमलताला, पिठाच्या हातानं ओढत आणून मी तो म्हातारा दाखवला.

राहिली चालणारी बाई. म्हणजे आईच, बाणांची बटणं दाबली की गावातून फिरणार ती. सॉफ्टवेअरमधली तयार मुलगी सोनेरी केसांची, फ्रॉकवाली. "ही कोण मॅडम?" आई म्हणाली. तेव्हा कळलं की माणूस हवा तसा घडवायला वेगळी स्क्रिप्ट लागते, म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेला कोड. तो आपल्या खेळात चिकटवायचा. मग शरीर, कपडे, डोळे, केस अशा थरांमधून एकेक निवडायचं, आणि ते एकावर एक ठेवून माणूस उभा राहतो, आम्ही एक्स-रेच्या फिल्म एकावर एक धरून बघतो तसा. चिकटवण्यातच माझे तीन दिवस गेले, कारण मी एक कंस विसरलो होतो. पण शेवटी हिरव्या लुगड्यातली, अंबाडा घातलेली, पंचविशीतली आई वेशीपाशी उभी राहिली.

मी तिची बोटं बटणांवर ठेवली. ती वेशीतून चार पावलं आत आली आणि थांबली.

"पदर?"

"आहे ना खांद्यावर."

"डोक्यावर कुठं आहे? समोर मामाजी बसून राहिले, दिसत नाही काय तुले?"

मी हसलो. हसायला नको होतं. "आई, ते चित्र आहे."

"त्या दिवशी तर त्यांले पाहून नाचत होता. तवा चित्र नव्हतं काय?"

मी खेळ बंद करून ती स्क्रिप्ट उघडली.

डोक्यावर पदर घेणं हे काय मोठं काम, असं मला वाटलं होतं. पण त्या स्क्रिप्टमध्ये केस सगळ्यात वर. साडी कपड्यांत मोडते आणि कपडे केसांच्या खाली येतात. पदर कितीही वर ओढा, तो केसांखाली जाऊन लपतो. केसच नकोत म्हटलं, तर खेळ उघडत नाही. ज्यानं ही स्क्रिप्ट लिहिली त्याचा पत्ता नाही; हौशी लोकांच्या फोरमवर त्याचा शेवटचा निरोप अकरा वर्षांपूर्वीचा. मी तिथं मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला, की सासऱ्यांसमोर डोकं झाकायचं आहे, काय करू? नवव्या दिवशी कुणीतरी उत्तर दिलं, पदरालाच केस म्हणून काढ.

मला चित्र काढता येत नाही. तरी चारी दिशांनी चालणाऱ्या डोक्यावर बसतील असे पदराचे बारा तुकडे मी हिरव्या रंगात काढले, आणि केसांच्या यादीत एकविसावा नंबर म्हणून घातले. पदर डोक्यावर आला. आला तो काळाकुट्ट. केसांना आपला रंग फासायचाच, असा त्या स्क्रिप्टचा नेम. रंगही दोनच, काळा आणि पांढरा. मी पांढरा करून पाहिला.

आईनं बटणांवरचा हात काढून घेतला. "तवा तुझे बाबा होते रे," ती म्हणाली. "पांढरं काहून घातलं मले?"

कोडातल्या रंगाच्या ओळी काढून टाकल्या, तर खेळ बंद. परत घातल्या, तर पदर काळा. महिना असाच गेला. मी त्या कोडाकडे नुसता बघत बसायचो आणि माझी चिडचिड घरातल्यांवर निघायची. एका दुपारी आईनं डावीकडे ठेवलेला चहाचा कप शोधायला उजवीकडची सगळी टीपॉय चाचपली, आणि मी घाबरलो. वेळ संपत चालला होता, आणि मी एका पदरापाशी अडून बसलो होतो.

मग मला तोड सुचली. पदर येत नसेल, तर म्हाताऱ्यांनाच उठवावं. पाचही जणांना मी पुसून टाकलं.

"मामाजी जेवायला घरी गेले," मी तिला सांगितलं. "सगळेच गेले. आता कोणी नाही, तू जा बिनधास्त."

"अच्छा? चलो मग," ती म्हणाली आणि सरसावून बसली.

हिरव्या लुगड्यातली आई उघड्या डोक्यानं वेशीतून आत आली. विहीर ओलांडली. पारासमोर आली आणि खरी आई थांबली. बोट बटणावरून उचललं गेलं.

"आपण निघालो तो दिवस आठवते तुले?" तिनं विचारलं. "तुम्ही सगळे ट्रकमध्ये बसले होते. मी कडी लावाले मागं फिरली होती."

"हो."

"परत येताना पार असाच होता. एक माणूस नाही. तवा पहिल्यांदा मी उघड्या डोक्यानं गेली पारापुढून. पदर घ्यायचा तरी कोणासाठी?" ती स्क्रीनवरून नजर काढत नव्हती. "हाच दिवस दाखवाले आणलं काय मले?"

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. आठ महिने खपून मी तिला नेमका तोच दिवस काढून दिला होता. "आई, घर पुढंच आहे," मी म्हणालो. माझाच आवाज मला केविलवाणा वाटला. "दोन गल्ल्या फक्त. निळा दरवाजा केला आहे, तू सांगितला तसा. बघून तर घे."

"ते बंद घर मी पाहिलं आहे. त्यांले परत बसव."

"ते बसले तर तू आत जाणार नाहीस."

"नाही जात. वेशीपाशी उभी राहते. पण गाव भरलेलं असू दे."

मी पाच म्हातारे परत बसवले. मामाजी डाव्या टोकाला, हे तिनं दोनदा तपासलं. ती आता रोज दुपारी येऊन बसते. मी दुसऱ्या खिडकीत रंगाच्या ओळी उलटसुलट करत असतो, आणि तिची हिरव्या लुगड्यातली बाई वेशीबाहेर, म्हाताऱ्यांना दिसणार नाही अशी, झाडाआड उभी असते. आई म्हणते, आज पिंपळ जरा अंधुक दिसतो. मी म्हणतो, स्क्रीन पुसतो थांब.

वेशीवरून पार दिसतो, माणसं दिसतात, विहीर दिसते. घर दिसत नाही.