कॉम्प्युटरचा नंबर

मालवीय नगरच्या बाजारात सुखदेवजींच्या चष्म्याच्या दुकानात जपानी यंत्र आलं आणि उमाकांतरावांनी आपली अक्कल गहाण टाकली. हो, त्याच उमाकांतरावांनी. बँकेत कॉम्प्युटर नको म्हणून दंडाला काळी फीत बांधून घसा फोडणारा हा युनियनचा माणूस, निदर्शनं आटोपून बायकोला घेऊन थेट कॉम्प्युटरकडे डोळे तपासायला गेला. मधुमतीनं हनुवटी टेकवली, आतलं चिमुकलं चित्र डोळे ताणून पाहिलं, यंत्र कुरकुरलं आणि चिठ्ठी बाहेर आली. त्या चिठ्ठीवरून चष्मा झाला. एक अक्षरसुद्धा कुणी तिला वाचायला लावलं नाही.

तेव्हापासून तिचं कपाळ ठणकायला लागलं. दुपारनंतर शाळेतल्या मुलांच्या वह्यांतली अक्षरं धूसर व्हायची. दोन मुलांना चुकीचे गुण गेले, तेव्हा मोठ्या बाईंनी बजावलं, पुन्हा असं झालं तर वर्ग काढून घ्यावा लागेल. साताऱ्याहून निघाल्यापासून नवऱ्याच्या बदल्यांमागे मधुमती गावोगाव फिरली होती. ही नोकरी तेवढी तिची स्वतःची होती.

“कॉम्प्युटर चुकत नाही गं,” उमाकांतराव म्हणाले. “तुझंच वय झालं. सोड आता नोकरी.”

छत्तिसाव्या वर्षी म्हणे वय झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पायात चपला सरकवून ती दुकानाकडे निघाली, आणि अब्रू सांभाळायला उमाकांतराव मागोमाग.

“भैया, वो भिंगवाली फ्रेम निकालिए. आँखें फिर से जाँचिए,” ती म्हणाली.

सुखदेवजी हसले. “भाभीजी, अब मशीन है. उसकी ज़रूरत नहीं.”

“ज़रूरत मुझे है.” तिनं खुर्चीत ठाण मांडलं.

मागे गिऱ्हाइकं खोळंबली. “अगं, ऊठ, लोक बघताहेत,” उमाकांतराव कुजबुजले.

“बघू देत. मी हलणार नाही.”

अखेर सुखदेवजींनी फळीवरून भिंगांची पेटी उतरवली. भिंतीवरच्या अक्षरांकडे बघायला लावून एकेक भिंग बदलत ते विचारू लागले, “यह अच्छा, या यह?” मधुमतीनं घाई केली नाही. मनासारखं दिसेपर्यंत ती नाही म्हणत राहिली. नंबर यंत्राच्या चिठ्ठीपेक्षा चांगलाच कमी निघाला. सुखदेवजी ओशाळले. मशीनचा नंबर निव्वळ अंदाज असतो, नंतर माणसाला विचारून पक्का करायचा, असं विकणाऱ्यानं बजावलं होतं. गर्दीत त्यांनी तेवढंच गाळलं होतं.

उमाकांतरावांना एकदम जोर चढला. “मी सांगतच होतो, हे कॉम्प्युटर म्हणजे...”

“यंत्राला बोल लावू नका,” मधुमती म्हणाली. “त्याला विचारता येत नाही. तुम्हाला येतं. डोळ्यांचं विचारलं नाहीत, नोकरीचंही नाही. सरळ सोड म्हणालात.”

उमाकांतरावांनी तिचा जुना चष्मा उचलून सुखदेवजींपुढे सरकवला.

“नोकरी मी सोडणार नाही. उद्या चष्मा मिळेल. परवा लवकर शाळेत जाऊन ते गुण दुरुस्त करायचेत. चहा तुमचा तुम्ही करून घ्या.”