पाइपातलं भोक

"भाऊजी, एक थेंब, एकच थेंब जमिनीवर सांडला ना, तर ही मिशी इथल्या इथे उतरवून देईन," असं म्हणत मिशाबुवाने ताईच्या नव्याकोऱ्या लाकडी फरशीवर पाय आपटला.

मिशाबुवा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, तीस वर्षं मुरलेला प्लंबर. मिशी अशी झुपकेदार, की दोन्ही टोकांना एकेक पान्हा टांगावा. आणि भाऊजी म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यातली समुद्री माशांची काचपेटी त्याच दिवशी सकाळी एका पेशंटने दाढ काढून घेताना लाथ झाडून फोडली होती. आतली नारिंगी-पांढरी जोडी सहा वर्षांची. घाबरलेलं माणूस खुर्चीत तोंड उघडेना, की डॉक्टर म्हणायचे, "ते बघा, ते बघा," आणि तेवढ्यात सुई टोचायचे. आता ती जोडी दिवाणखान्यात बादलीत गोल गोल फिरत होती. संध्याकाळपर्यंत मोठ्या पाण्यात गेली नाही, तर खेळ खलास.

घरची मोठी टाकी दोन महिने नळजोडणीविना कोरडी पडली होती. म्हणून मिशाबुवाला तातडीने बोलावणं. दवाखान्यातले प्रवाळाचे दगडही ओल्या गोणपाटातून आले होते, वर चिकटलेल्या डझनभर गोगलगायींसकट.

"माझी फरशी भिजली तर टाकी, मासे आणि तुम्ही दोघं, सगळे बाहेर," ताईने बजावलं.

"ताई, तू चहा टाक."

काम तसं सरळ होतं. वरची टाकी दिवाणखान्यात, खालची तिच्याखालच्या कपाटात. वरचं पाणी एका पाइपातून खाली उतरणार, खाली गाळलं जाणार, आणि पंप ते दुसऱ्या पाइपातून परत वर ढकलणार. या दुसऱ्या पाइपाला डॉक्टरांनी दात कोरायच्या मशीनने एक बारीक भोक पाडून ठेवलं होतं, पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली. पंप बंद पडला की पाणी त्याच पाइपातून उलटं खाली ओढलं जातं. पाणी भोकाखाली उतरलं, की भोकातून हवा शिरते आणि ती ओढ तुटते. हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक. पण सांगायचं राहून गेलं, कारण ते न्हाणीघरात पिंपभर पाण्यात मीठ कालवत बसले होते.

मिशाबुवाने पाइप हातात घेतला आणि त्याच्या अंगावर काटा आला. पाइपाला भोक! अख्खी हयात भोकं बुजवण्यात गेलेला माणूस तो. त्याने खिशातली पुट्टी मळली, भोकात दाबली, सुकू दिली, कानशीने घासली, वर बोट फिरवून पाहिलं. आता हे कळल्यावर भाऊजींचा उगाच पाणउतारा होईल, म्हणून मोठ्या मनाने काही बोललाही नाही.

चारच्या सुमाराला टाकी भरली. पंप घरघरला, पाणी झुळझुळलं. डॉक्टरांचे डोळे पाणावले.

"मासे सोडू का रे?"

"थांबा हो. आधी लाइट गेली तर काय होतं ते दाखवतो. प्लंबर कुणाला म्हणतात ते बघा." आणि मिशाबुवाने मिशीला पीळ देत पंप बंद केला.

वरचं पाणी सरसर उतरायला लागलं. खालची टाकी भरली, काठोकाठ आली आणि पाणी कपाटाची दारं ढकलून बाहेर पडलं. ताईच्या फरशीवर समुद्र आला. जमिनीवरच्या वायरच्या बोर्डाने फाट्‌ करून निळी ठिणगी उडवली, आणि तो उचलायला वाकलेला मिशाबुवा सोफ्यावर पालथा जाऊन आदळला.

डॉक्टरांनी पाइप उपटला, बोटाने चाचपला. "भोक कुठाय?"

"बुजवलं," मिशाबुवा सोफ्यावरून अभिमानाने म्हणाला.

तोच पाइप त्याच्या डोक्यात बसला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मोडला. मिशाबुवाने उठून भाऊजींच्या थोबाडावर एक ठेवून दिली. काहीतरी खाडकन तुटलं.

"वरचा डावा सुळा," रक्त थुंकत डॉक्टर म्हणाले. "गाढवा, अख्खा मुळासकट!"

"भोकं पाडून ठेवता आणि वर तोंड करता?"

डॉक्टरांनी ओला दगड फेकून मारला. तो कपाळावर फुटला, आणि त्यातून निघालेल्या खेकड्याने मिशाबुवाचा कान पकडला तो सोडेचना. मिशाबुवाने टाकी भरायची रबरी नळी भाऊजींच्या गळ्याभोवती आवळली. पण माणूस दाबून धरण्यात डॉक्टरांची उभी हयात गेली होती. त्यांनी त्याला आडवा पाडला, छातीवर गुडघा रोवला, त्याच्याच पिशवीतली पक्कड उचलली आणि म्हणाले, "आ कर." सवयीने मिशाबुवाने आ केला. दाढ निघाली. हिरडी सुन्न वगैरे काही नाही.

तेवढ्यात ताई आली. तिने फरशी पुसायच्या दांडक्याने दोघांना आळीपाळीने बडवलं, आणि उरलेलं मिठाचं पाणी दोघांच्या तोंडावर ओतलं. जखमांवर मीठ लागताच दोघं असे किंचाळले, की बादलीतले मासे तळाशी जाऊन बसले.

ताईने बादलीत पाहिलं. नारिंगी मादी नराच्या पुढे आडवी उभी होती.

"या बिचाऱ्यांसाठी," ती म्हणाली. "फक्त यांच्यासाठी एक संधी. पुन्हा सांडलं तर बादलीसकट बाहेर. आणि तू, मिशी आण इकडे."

"ताई, अगं चारचौघांत..."

"आण म्हणते ना."

डाव्या बाजूची मिशी उतरली. उजवा गाल टम्म सुजलेला, वस्तरा बसेना. ती बाजू राहिली.

मग नवा पाइप लावला गेला. डॉक्टरांनी सुळ्याच्या जागी कापूस चावत भोक पाडलं. मिशाबुवाने मान फिरवून डोळे मिटले. पंप बंद करून पाहिला, तर पाणी दोन बोटं उतरलं आणि थांबलं. पुन्हा केला, पुन्हा थांबलं. सहाला उरलेले दगड गोगलगायींसकट आत ठेवून मासे सोडले. मादीने सोडणाऱ्या हाताला कडकडून चावा घेतला, पण तिला पोहताना बघून कुणाला राग आला नाही. तोंडं सुजलेले दोघं शेजारी बसले.

"भोक हवंच होतं म्हणा," मिशाबुवा म्हणाला.

"सांगायला हवं होतं म्हणा," डॉक्टर बोबडं बोलले.

सव्वासातला एक गोगलगाय काचेवरून पाइपावर चढली आणि भोकावर जाऊन बसली. साडेसातला ताईने त्याच भिजलेल्या बोर्डाला इस्त्री लावली, आणि घरची लाइट गेली.