रखमाजींच्या खोलीचा वास

घर बघायला आलेलं तिसरं गिऱ्हाईकही उंबऱ्याशीच अडखळलं. तहसील कचेरीतले कारकून वामनराव आत आले, पण त्यांच्या पत्नी शरयूबाईंनी नाकाला पदर लावला आणि त्या ओसरीवरच उभ्या राहिल्या. चतुराबाईंनी घोंगडी अंथरली. शरयूबाई बसल्या नाहीत.

"कुठल्या खोलीतून येतोय हा वास?" वामनरावांनी विचारलं.

चतुराबाईंनी तोंड उघडायच्या आत शेजारच्या ओट्यावरून उत्तर आलं. "मागच्या खोलीतून. आमचा दादा दोन वर्सं तिथंच पडून होता. जखमा चिघळल्या, वास भिंतीत बसला. आता त्याला कोण काय करणार?"

बोलणारे रामराव होते, चतुराबाईंचे दीर. वाटणीनंतर जालन्याच्या मस्तगडातली ही दोन घरं मधल्या एका भिंतीनं वेगळी झाली होती. आधीच्या दोन्ही गिऱ्हाइकांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, ह्याच ओट्यावरून, ह्याच हळहळत्या आवाजात.

वामनरावांनी ठरल्या किमतीच्या निम्मी सांगितली आणि ते निघून गेले.

चतुराबाईंचे यजमान रखमाजी श्रावणात गेले. त्याआधी दोन वर्षं चतुराबाई रोज सकाळी कडुनिंबाच्या पाण्यानं त्यांचं अंग पुसत, गोधडी बदलत, दुपारी पुन्हा कूस वळवून पाठ पुसत. त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नव्हती. औषध द्यायला येणारे वैद्यबुवा दुसऱ्या घरांतल्या बायकांना ह्या घराचा दाखला देत. आता तीच खोली सडक्या माणसाची खोली म्हणून गावभर झाली होती, आणि ते सांगत होता मेलेल्याचा सख्खा भाऊ.

त्याहून वाईट म्हणजे वासाचं चतुराबाईंनीही खरं मानलं. त्यांना स्वतःला वास येतच नव्हता. दोन वर्षं त्या खोलीत काढल्यावर आपलं नाक मेलं असेल, असं त्या धरून चालल्या. भिंती खरवडल्या, चुना दिला, जमीन दोनदा सारवली, ऊद जाळला. भिंतीला गाल लावून हुंगलं. काहीच कळलं नाही. लोकांना कळत होतं, म्हणजे दोष आपलाच.

बदनापूरला त्यांची एकुलती एक मुलगी नंदाबाई दिली होती. तिच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर विकाऊ होतं आणि मालक संक्रांतीपर्यंत थांबायला तयार होता. मस्तगडच्या घराला पुरती किंमत आली तरच ते घेता येणार होतं. नाहीतर जावयाच्या दारात राहायचं. ते चतुराबाईंना मरेपर्यंत नको होतं.

दलाल बद्रीनाथ दुसऱ्या दिवशी आला. "बाई, भाव उतरवा. आणि एक ध्यानात ठेवा. रामरावांचा शुफ्याचा हक्क हाये."

"म्हंजे काय?"

"भिंतीला भिंत लागलेला भाऊबंद. तुम्ही परक्याला ज्या भावात द्याल, त्याच भावात तो घर मागू शकतो. मंग परक्याला सोडावंच लागतं. अट एकच. विक्री झाल्याचं कानावर पडताक्षणी, साक्षीदारांसमोर, तिथल्या तिथं मागायचं. तेव्हा नको म्हणला, का हक्क गेला."

"म्हंजे मी निम्म्या भावात विकलं, तर भावजी निम्म्या भावात घेणार."

"कायदा हाये, बाई," बद्रीनाथ म्हणाला आणि पान खात निघून गेला.

मार्गशीर्षात आणखी एक गिऱ्हाईक नाक दाबून परत गेलं, त्याच दिवशी नंदाबाई आली. पिशवी खाली ठेवून ती सरळ मागच्या खोलीत गेली, खिडकीशी उभी राहिली आणि वळली.

"आई, तुला खरंच वास येत न्हाई?"

"कशाचा? तुझ्या बापाचा?"

"बापाचा कशाला येईल? अंबाडीचा येऊन राह्यला! कुजलेल्या अंबाडीचा."

शेतकऱ्याच्या घरात हा वास ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. दोरांसाठी वाख, म्हणजे सालीचा धागा, काढायला अंबाडीचे भारे दहा-पंधरा दिवस पाण्यात कुजवतात. म्हणूनच जालन्यात सगळे ते गावाबाहेर, नदीच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवतात. घरात कुणी ठेवत नाही. रामरावांनी ठेवले होते. त्यांच्या परसातल्या हौदात, वर गोणपाट टाकून. हौदाची मोरी रखमाजींच्या खिडकीखालून वाहत होती. मोरीच्या तोंडाशी चिंध्यांचा बोळा होता. गिऱ्हाईक यायच्या दिवशी बोळा काढायचा, काळं पाणी सोडायचं, की काम झालं. गिऱ्हाईक कधी येणार हे बद्रीनाथच, रामराव हक्कदार भाऊबंद म्हणून, त्यांना आदल्या दिवशी सांगून जाई.

चतुराबाई मोरीशी उकिडव्या बसल्या. चिखलात अडकलेला सालीचा तुकडा त्यांनी उचलला, बोटांत चोळला. धागे सुटे झाले. त्यांनी ते धागे पदराला पुसले आणि उठून कोपऱ्यातली काठी घेतली.

"कुठं निघालीस?"

"त्याचं टाळकं फोडते. भावाला सडवला त्यानं. मेल्यावर सडवला!"

"बस खाली. आत्ता भांडलीस तर सांजच्याला भारे नदीला जातील आन् तो म्हणेल, मी कुठं काय केलं?"

दोघी त्याच दुपारी वामनरावांच्या घरी गेल्या. नंदाबाईनं फडक्यात बांधून आणलेली साल सोडून दाखवली. शरयूबाईंनी हुंगली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी त्या दिवशी बसलेसुद्धा नाही तुमच्याकडे."

"तुम्हाला काय बोल लावू? मीच विश्वास ठेवला," चतुराबाई म्हणाल्या.

वामनराव कचेरीतले. शुफा त्यांना चांगला माहीत होता. आधी ठरलेली पुरती किंमत त्यांनी कबूल केली आणि पुढचं बोलणं तिथंच ठरलं.

गुरुवारी सकाळी ओसरीवर बैठक बसली. वामनराव, शरयूबाई, साक्षीला गल्लीतले दोघे प्रतिष्ठित, आणि बद्रीनाथ. शरयूबाई नाकाला पदर लावून बसल्या होत्या. मोरीतून काळं पाणी वाहत होतं. कागदावर सह्या झाल्या, रक्कम चतुराबाईंच्या हाती आली. तेवढ्यात रामराव आलेच.

"वामनराव, जल्दी केली तुम्ही. वास आला न्हाई का? वहिनी, लोकांना फसवू नका."

"भावजी," चतुराबाई म्हणाल्या, "घर आत्ताच विकलं. कागद झाला. पुरत्या किमतीला. हे चार लोक बसलेत. तुम्हाला पाहिजे का? पाहिजे असंल तर आत्ता मागा."

रामरावांनी शरयूबाईंच्या पदराकडे बघितलं. ही माणसं आठ दिवसांत परत येतील, पैसे मागतील, आणि मग घर मातीमोल मिळेल, हा हिशेब त्यांच्या तोंडावर सगळ्यांना दिसला.

"मला? जिथं माझा भाऊ सडला तिथं मी राहू? फुकट दिलं तरी नको. बिलकुल नको."

"ऐकलं सगळ्यांनी?" वामनराव म्हणाले. साक्षीदारांनी मान हलवली. बद्रीनाथनं पान चघळायचं थांबवलं.

शरयूबाईंनी पदर खाली घेतला.

नंदाबाई मागच्या दारानं आली. हौदातला एक भारा तिनं ओढत आणला होता. तिनं तो काकाच्या पायाशी टाकला. काळं पाणी ओसरीभर पसरलं.

"मंग हे काय हाये, काका?"

रामराव पायरीकडे वळले. चतुराबाई आधीच पायरीवर उभ्या होत्या.

"हक्क गेला तो गेला. त्याचं मला काही न्हाई. वास कुणाचा होता, ते सांगून जा."

"वहिनी, बाजूला व्हा."

"दोन वर्सं मी त्यांचं अंग पुसलं. तुम्ही एकदा आल्ता का तांब्याभर पाणी घेऊन? सांगा. वास कुणाचा?"

गल्लीतल्या बायका दारांत आल्या होत्या. रामराव काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं. ओट्यावरून बोलायचा तसं."

"अंबाडीचा."

"आन् माझ्या माणसाचा?"

"न्हाई. दादाचा न्हाई."

चतुराबाई पायरीवरून बाजूला झाल्या. मग त्यांनी घोंगडी झटकली आणि कोरड्या जागी, शरयूबाईंसाठी, पुन्हा अंथरली.