लिंडनरबाईंची चावी पनवेलला आहे

"दुसऱ्याची चावी घेशील तर मानूस पन घेशील गो, ध्यान ठेव."

ठमाबाईंनी हे बजावलं तेव्हा मी जर्मनीला निघाले होते आणि आमच्या फ्लॅटची चावी त्यांच्याकडे द्यायला तळमजल्यावर उतरले होते. ठमाबाई मूळच्या आमच्या पनवेलजवळच्या नेरे गावच्या. त्यांच्या देवघराशेजारी खिळ्यांवर आमच्या बिल्डिंगमधल्या नऊ घरांच्या चाव्या लटकतात. मी हसून म्हटलं, "काकू, तिकडे कोण कुणाला चावी देतंय!"

खरंच कुणी देत नाही. मीच दिली.

कासेलला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी समोरच्या दारात उभी. एका हातात शिऱ्याची वाटी, दुसऱ्यात जादा चावी. लिंडनरबाई, वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या, पाठ फुटपट्टीसारखी. मेलेला उंदीर धरावा तशी त्यांनी चावी चिमटीत धरली.

"हिचं मी काय करू?"

"ठेवा."

"का?"

पनवेलमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. "समजा मी आत चक्कर येऊन पडले, बाळ एकटं..."

"तर रुग्णवाहिका बोलवा."

"अहो, पडलेली मीच असेन ना!"

दुसऱ्या दिवशी चावी पाकिटातून परत आली. सोबत धुतलेली वाटी. रिकामी! आमच्याकडे भांडण झालेली जाऊसुद्धा वाटीत चिमूटभर साखर घालून पाठवते. वर टाइप केलेला कागद: रविवारी मिक्सर नको, रोज एक ते तीन शांतता. आठ महिन्यांच्या लेकीला मी तो वाचून दाखवला. एक वाजून दोन मिनिटांनी तिने भोकाड पसरलं आणि त्यापुढच्या मिनिटाला बेल वाजली.

दोन वर्षं असंच चाललं. त्या ओरडायच्या, मी सॉरी म्हणायचे आणि खलबत्त्यात चटणी कुटायचे. तर त्याचीही तक्रार.

मग गेल्या हिवाळ्यात बाई बर्फावरून घसरल्या. पाय प्लॅस्टरमध्ये. कुबड्या टेकत दारात आल्या आणि पाकीट पुढे केलं. आत त्यांच्या घराची चावी आणि सात कलमांचा कागद. आधी दोनदा बेल वाजवणे. चार मिनिटे थांबणे. बूट बाहेर काढणे. सहावं कलम: मी मेलेली आढळल्यास प्रथम हीटर बंद करणे.

"माझं दुसरं कुणी नाही," त्या म्हणाल्या, हवामान सांगावं तशा आवाजात.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही परत आलो. सामान लावताना लेकीच्या डायपरच्या बॅगेत, ओल्या वाइप्सच्या पाकिटाखाली, ती चावी सापडली. घाबरत फोन केला, आता आठवं कलम ऐकायला मिळणार म्हणून. तर बाई म्हणाल्या, "पोस्टाने पाठवू नकोस, हरवेल. येशील तेव्हा आण."

तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या अकराला, आपल्या अडीचला, मी फोन करते. पाच मिनिटं उशीर झाला तरी बोलणी खाते. गेल्या रविवारी त्यांनी उचलला नाही. त्याच्या आदल्या रविवारीही नाही. मधल्या दिवसांत केलेले अकरा फोनही नाहीत.

माझा नवरा इंद्रजीत म्हणतो, "अगं, गेली असेल फिरायला."

"प्लॅस्टर काढून चार महिने झाले तरी ती कठडा धरून जिना उतरते, फिरायला कुठे जाईल?"

"चारू, तू म्हणजे तिची पण आई झालीस."

घरमालकाच्या ऑफिसला मेल केली. उत्तर आलं: आपण नातेवाईक आहात का? मी लिहिलं, माझ्याकडे त्यांची चावी आहे. त्यावर त्यांनी विचारलं, कोणत्या अधिकाराने? आता यांना ठमाबाई कशा समजावणार!

ठमाबाईंनी मात्र चावी उलटसुलट करून बघितली, आपल्या दहाव्या खिळ्यावर अडकवली. "चावी हितं, म्हातारी तितं. सांगितलेलं का नाय?"

"सांगितलेलं."

"मंग? कुनाला तरी धाड ना!"

म्हणून हे लिहितेय. तुमचं कुणी कासेलमध्ये असेल, भाचा, मैत्रीण, नणंदेचा दीर, कुणीही, तर मला कळवा, पत्ता पाठवते. तिसरा मजला, डावं दार. दोनदा बेल, चार मिनिटं थांबायचं. आणि दुपारी एक ते तीनमध्येच जायला सांगा. त्या वेळेला बेल वाजवूनही बाई ओरडल्या नाहीत, तर कुणाची परवानगी मागत बसू नका. दार तोडा.