तिसऱ्या रांगेतून दिसलेलं

दादा आणि ठमी ही भावंडं सोफे दुरुस्त करायची. दुकान वडिलांचं, आणि फुटबॉलचं वेडही त्यांचंच. मैदानात गोलच्या अगदी मागे, तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या वडिलांच्या काळापासून त्यांच्याकडे होत्या. दादाचं लग्न झालं, पण वहिनीला खेळ म्हटलं की जांभया यायच्या. ठमीनं लग्न केलंच नाही. त्यामुळे पन्नाशीला टेकली तरी ती भावाशेजारच्या खुर्चीत होती तशीच होती.

दादाचा आवाज त्या स्टँडमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा. आणि त्याचं एक होतं, तो पक्षपात करायचा नाही. आपलाच खेळाडू उगाच गडबडा लोळायला लागला, की दादा उठून ओरडायचा, "ऊठ रे नाटक्या, कपडे मळतील!" आजूबाजूचे पोट धरून हसायचे. ठमी मान ताठ करून बसायची. असा भाऊ आहे म्हटल्यावर मान ताठ होणारच.

त्या वर्षी विजेतेपद शेवटच्या सामन्यावर आलं होतं. बरोबरी चालणार नव्हती, जिंकायलाच हवं होतं. खेळ संपत आला तरी एकही गोल नाही. दादाचा घसा बसलेला, ठमीनं नखं कुरतडून संपवलेली. तेवढ्यात कॉर्नर मिळाला. गोलसमोर ही झुंबड उडाली. चेंडू हवेत आला, आणि आपला कप्तान तोंड धरून खाली कोसळला. त्याच्यापाशी समोरच्या संघाचा म्हातारा बचावपटू उभा. म्हातारा म्हणजे खेळातला, पस्तिशी उलटलेला, पुढचं वर्ष खेळून बूट खुंटीला टांगणार असं त्यानं सांगून ठेवलेलं.

ठमीला सगळं लख्ख दिसलं होतं. म्हाताऱ्याचे दोन्ही हात पाठीमागे होते. कप्तानानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग पंचाकडे, आणि मगच तोंड धरलं.

लाल कार्ड निघालं. पेनल्टी. गोल. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. म्हातारा बाहेर जाताना तिसऱ्या रांगेसमोरून गेला. तो काही बोलत नव्हता, नुसते हात दाखवत होता. वरून एक बाटली त्याच्या खांद्यावर आदळली. मागून आईवरून शिव्या सुरू झाल्या. ठमीनं दादाकडे बघितलं. आता हा उठेल, तिला वाटलं. दादा उठला खरा, पण शेजारच्याला मिठी मारायला.

"दादा, त्यानं हात लावला नव्हता रे," ती कानाशी ओरडली.

"आपण जिंकलो, ठमे! जिंकलो!"

कॅमेऱ्यांच्या आड नेमके गोलकीपर आणि आणखी दोघे आले होते, त्यामुळे टीव्हीवर कितीही वेळा दाखवलं तरी काही कळेना. दुसऱ्या दिवशी दुकानात एक बातमीदार आली, बरोबर कॅमेरा. गोलमागे बसणारा मोठ्या आवाजाचा माणूस कोण, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. दादा एका खुर्चीचं जुनं कापड उसवत होता. त्यानं हात झटकले, केसांवरून फिरवले.

"तुम्ही जवळून पाहिलंत. काय झालं?"

"कोपर मारलं हो. मुद्दाम," दादा म्हणाला. "या डोळ्यांनी पाहिलं. असल्या माणसाला परत मैदानात पाऊल ठेवू देता कामा नये."

ठमी शिवणयंत्रावर होती. तिचा पाय पायट्यावरच राहिला, शिवण सरळ गादीच्या कडेबाहेर गेली. गिऱ्हाइकाला "आतला फोम जुनाच आहे, नवा नाही" असं आपण होऊन सांगणारा हा माणूस. त्याच्या तोंडून इतकं सरळ, इतकं बिनदिक्कत खोटं तिनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दादाचं ते बोलणं टीव्हीवर दिवसभर फिरत राहिलं. मग शिस्त समितीचा निकाल आला: म्हाताऱ्यावर पूर्ण पुढच्या हंगामाची बंदी. म्हणजे त्याचा खेळ संपलाच. निकालात 'प्रत्यक्ष पाहणाऱ्या प्रेक्षकाचा' उल्लेख होता. वहिनीनं हे चारचौघींत कौतुकानं सांगितलं.

आणि एक दिवस खुद्द कप्तान दुकानात हजर! सही केलेली जर्सी घेऊन आला होता. दादाला कुठे बसवू आणि काय करू असं झालं. दुरुस्तीला आलेल्या सगळ्यात भारी सोफ्यावर त्यानं कप्तानाला बसवलं.

"काका, तुमच्यासारखी माणसं पाठीशी आहेत म्हणून आम्ही आहोत," कप्तान म्हणाला.

ठमी यंत्रावरून उठून पुढे आली. या माणसाच्या एकेका गोलवर ती नाचली होती. त्याचा गुडघा मोडला तेव्हा तिला दोन घास गेले नव्हते.

"एक विचारू? कोपर लागलं होतं का रे बाबा?"

कप्तान हसला. लाजला वगैरे नाही, मोकळं हसला. "मावशी, लागलं असं पंचांना वाटलं ना? मग झालं तर!"

दादाही हसला. त्याच्याहून मोठ्यानं.

कप्तान गेल्यावर ठमीनं दुकानाचं दार लोटून घेतलं.

"तू पाहिलं होतंस?"

दादा जर्सीची घडी घालत राहिला.

"दादा, मी विचारतेय."

"सगळेच तसं म्हणत होते."

"मी सगळ्यांना विचारलं नाही."

"पाहिलं मी. नव्हतं लागलं. झालं समाधान?" तो एकदम उसळला. "जन्मात एकदा विजेतेपद मिळालं, त्यात तुला खडे शोधायचेत! ते लोक काय करतात आपल्याशी? सगळे तसलेच. मी एकट्यानं कशाला सोवळं पाळू?"

"त्याचा खेळ संपला तुझ्यामुळे."

"तो कोण लागतो तुझा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी समितीच्या कार्यालयात गेली. जाण्याआधी तिनं दादाला सांगितलं. चोरून जायचं तिला जमणार नव्हतं. "माझं तोंड काळं करणार तू," एवढंच तो म्हणाला.

तिथल्या अधिकाऱ्यानं तिचं ऐकून घेतलं, पाणी दिलं. "बाई, तुमचा भाऊ म्हणतो लागलं, तुम्ही म्हणता नाही. एकाच घरातले दोघं. आम्ही धरायचं कुणाचं?" आणि मग, जरा ओशाळून, "तसंही त्या बचावपटूनं कालच निवृत्ती कळवलीय."

बातमी मात्र फुटली. दुकानाच्या काचेवर कुणीतरी रंगानं 'घरभेदी' लिहिलं. रांगेतले ओळखीचे लोक रस्ता बदलायला लागले. दादानं काच घासून पुसली, पण कुणाला एका शब्दानं बोलला नाही. ठमीला रंगाचं काही वाटलं नाही. भावाचं ते गप्प बसणं मात्र तिला लागलं.

नवा हंगाम सुरू झाला त्या दुपारी दादा जर्सी घालून दारात घुटमळला.

"चल ना, ठमे. किती दिवस फुगून बसणार?"

"टीव्हीवर जे बोललास ते खोटं होतं, एवढं एकदा जाऊन सांगून ये. मग येते."

त्यानं खाली बघत चपला पायात सरकवल्या. मग गेला.

ठमीनं एका आरामखुर्चीच्या स्प्रिंगा बांधायला घेतल्या. मैदान फार लांब नव्हतं. बऱ्याच वेळानं तिकडून गर्जना आली. गोल झाल्याशिवाय असा आवाज उठत नाही. तिचे हात आपसूक थांबले, ती अर्धवट उठलीसुद्धा.

मग पुन्हा बसली. गोल खरा होता की नाही, हे ज्याला विचारावं आणि ज्याचं ऐकून गप्प बसावं, असं आता तिच्याजवळ कुणी नव्हतं.